माझा साळा आणि त्याची सिगारेट

माझ्या बायकोच्या धाकट्या भावासारखा हट्टी आणि बिनडोक माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही. मी चौथी शिकलेला, मला गोड लिहिता येत नाही. यानं चौदाव्या वर्षी विडी धरली आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी विडी टाकून सिगारेटीवर आला. म्हणे, "भाऊजी, राज्य नवं झालं, आपूनबी सुधराले पाह्यजे." सुधारणा ही, की दिवसाच्या दहा होत्या त्या तीस झाल्या. मोताळ्याच्या बाजारात बैल घ्यायला गेला की बैलाचे दात मी पाहायचे, हा काडेपेटी शोधत फिरणार. पण मोठ्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाक असा, की ती दिसली की पेटती सिगारेट मुठीत दाबायचा. पन्नाशीच्या बाप्याचा तळहात भाजलेला! ही त्याला खोबरेल लावत विचारायची, "काऊन रे, घरी चूल तूच पेटवतं का?" तिला सगळं माहीत होतं.

खोकला वाढला तेव्हा तिनंच आम्हा दोघांना डॉक्टरकडे पिटाळलं. तिथंही याचा शहाणपणा. "माहा आजा नव्वदीपर्यंत चिलीम ओढे. त्याले काही झालं नाही." डॉक्टर म्हणाले, "आजा सणावाराला चार दम मारत असेल. तुम्ही इतकी वर्षं रोज ओढता. जितकी वर्षं, तितका मरणाचा धोका चढत जातो. आज सोडली तर वर्षावर्षानं हळूहळू उतरेल." बाहेर येताच यानं पेटवली. "ऐकलं ना भाऊजी? हळूहळूच उतरते म्हणे. मंग घाई कायची?" कानाखाली द्यावीशी वाटली. वर हसू आलं, त्याचा आणखी राग आला.

मग त्याच्या आधी तीच गेली, आठ दिवसांच्या तापानं. जन्मात धुराला शिवली नव्हती. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळे झाडावरून हलेनात. मी पोरांचं कबूल केलं, शेताचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हा पुढं झाला आणि हात जोडून रडत म्हणाला, "बाई, सिगारेट सोडतो. तुही शप्पत." कावळा लगेच शिवला.

दोन महिने पाळलं त्यानं. काल कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीमागं धूर दिसला. आग लागली म्हणून धावलो, तर हाच बसलेला. घाबरून म्हणाला, "एकच ओढली, भाऊजी. बाईले सांगू नोका."

 मग मी त्याच्या हातातली सिगारेट हिसकून पायाखाली चिरडली, त्याला तोंडाला येईल ते बोललो. खाली मान घालून खोकत, रडत राहिला. रडताना तो थेट तिच्यासारखा दिसतो.

मी सत्तरीला आलो. माझ्या दहाव्याला यानं उभं राहायचं. याच्या दहाव्याला मी नदीवर जाणार नाही, तोंडावर सांगितलं त्याला. कावळा नाही आला तर मी काय कबूल करू बे? माझ्याजवळ आता सोडण्यासारखं काही राहिलं नाही.