सासूबाईंसाठी वेगळी रूम

"ताई, आई रूममधून बाहेरच येत नाहीयेत. सकाळपासून एकच चाललंय, घरी चल."

दुपारचे दोन वाजलेले. मी ठाण्यात माजिवड्याच्या ऑफिसात डबा उघडून बसलेले. फोन उदयपूरहून होता, प्रज्ञाचा. ती माझी क्लायंट. तिला आणि तिच्या सासूबाईंना तळ्याकाठचं एक महालासारखं हॉटेल मीच निवडून दिलेलं. चार दिवसांच्या ट्रिपचा दुसराच दिवस, आणि सासूबाई परत निघालेल्या.

मी तेवीस वर्षं लोकांना हॉटेलं निवडून देते. त्यातही माझी खासियत म्हणजे सासूबाई. हसू नका. फॅमिली ट्रिपमध्ये पैसे मुलगा भरतो, बुकिंग सून करते, पण ट्रिप चांगली झाली की नाही हे सासू ठरवते. लिफ्टपासून रूम किती लांब, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का, सकाळी सहाला साधा चहा मिळतो का, हे मी स्वतः जाऊन बघून येते. याला आमच्यात साइट इन्स्पेक्शन म्हणतात. हॉटेलवाले आम्हाला फुकट ठेवतात, तेही चांगल्यातल्या रूममध्ये. एवढ्या मोठ्या बेडवर मी कायम एका कडेला झोपते. लग्न केलं नाही, त्यामुळे सासू नाही. आई होती, ती गेली. डोंबिवलीच्या घरात मी एकटीच असते. लोकांना वाटतं, काय मज्जा आहे हिची. वाटू दे.

तर ही प्रज्ञा कोलशेतच्या एका टॉवरमध्ये राहते, आयटीत आहे. नवरा अमोल कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष जर्मनीत. सासरे वारले तेव्हा सासूबाईंना, विमलबाईंना, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या चाळीतून तिने आपल्याकडे आणलं. चाळीस वर्षं त्या चाळीत काढलेली बाई. आणि आता सहा महिन्यांत त्या म्हणायला लागलेल्या, मी आपली मोहन्याला जाते.

"भांडण झालंय का?" मी सरळ विचारलेलं. या धंद्यात विचारावं लागतं.

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आम्ही बोलतच नाही, ताई. त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या. जेवलात? जेवले. संपलं. पण संध्याकाळी मी घरी येते तेव्हा लाइट लागलेला असतो, कुकरचा वास येत असतो. त्या गेल्या ना, तर त्या घरात मी वेडी होईन." तिने डोळे पुसले. "त्यांना एकदा असं काहीतरी चांगलं दाखवायचंय की त्यांना राहावंसं वाटेल. तुम्ही बेस्टमधलं बेस्ट हॉटेल काढा."

काम सासूबाईंना थांबवायचं होतं. मला येतं ते हॉटेल निवडणं. मी तेच केलं.

पुढच्या वेळी दोघी आल्या. विमलबाईंनी जय भीम केलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. मी स्क्रीनवर फोटो दाखवले. बाल्कनीतून तळं, संगमरवरी बाथरूम, दोघींना दोन रूम.

"दोन कशाला?" विमलबाई म्हणाल्या.

"एकच घ्यायची का, ताई?" प्रज्ञाने पण विचारलं.

मी दोघींना पुढे बोलूच दिलं नाही. "माझा नियम आहे. सासू-सुनेला एका रूममध्ये कधी ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाथरूमवरून वाजतं. आणि लक्झरी म्हणजे तरी काय हो? कोणी डिस्टर्ब न करणं." दोघी गप्प बसल्या. दोघी तशा गप्प बसणाऱ्यातल्याच. बुकिंगवर मी लिहिलं, दोन्ही रूम शेजारी शेजारी, ऑन रिक्वेस्ट. म्हणजे हॉटेल प्रयत्न करणार, शब्द देणार नाही.

"फोन आईंना दे," मी आता प्रज्ञाला म्हटलं, "आणि तू जरा खाली जाऊन चहा घे."

"जय भीम, ताई."

"जय भीम. काय झालं विमलबाई?"

"काही नाही. हॉटेल फार छान आहे."

"छान आहे तर बाहेर का येत नाही?"

मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. आदल्या संध्याकाळी गरम पाण्याचा नळ कळेना, म्हणून प्रज्ञाला विचारायला त्या गाऊनवरच बाहेर आल्या. दार उघडायचं कार्ड भिंतीतल्या खाचेतच ठेवलं, कारण ते काढलं की सगळी रूम अंधारी होते. मागे दार आपोआप लागलं. फोन आत, चपला आत. रूम शेजारी मिळालेल्याच नव्हत्या. प्रज्ञाची दुसऱ्या बाजूला, नंबर माहीत नाही, आणि सगळी दारं सारखी. हॉटेलातला एक माणूस त्यांना खाली काउंटरवर घेऊन गेला. तिथे नाव विचारलं. विमलबाईंनी मुलाचं नाव सांगितलं. रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे आधी नवऱ्याचं आणि मग मुलाचंच नाव सांगायची सवय. कॉम्प्युटरवर अमोल नावाचं कोणी नाही. असणार कसं, तो जर्मनीत, बुकिंग प्रज्ञाच्या नावावर, आणि सुनेचं नाव सांगायचं त्या गोंधळात सुचलंच नाही. हॉटेलात कुणाचं तरी लग्न होतं, पाहुणेमंडळी नटूनथटून येत-जात होती, आणि ही बाई अनवाणी, गाऊनवर, सोफ्यावर बसलेली. शेवटी सकाळी त्यांचं चेक-इन केलेला पोरगा घरी निघताना तिथून गेला, त्याने ओळखलं, तेव्हा दार उघडून मिळालं.

"प्रज्ञाला सांगितलंत?"

"नाही हो. एवढ्या हौसेने आणलंय तिने. तिला वाटेल, कुठून हे गावंढळ माणूस गळ्यात पडलं." मग आवाज अजून खाली गेला. "तिच्या घरी पण असंच आहे, ताई. सगळी दारं लावलेली. मोहन्यात दिवसा कोण कडी घालतं? कोणी ना कोणी डोकावून जातं. इथे मी मेले तरी कोणाला कळायचं नाही."

मी डबा बंद केला. हे वाक्य मी डोंबिवलीत स्वतःशी किती वेळा बोललेय, ते माझं मला माहीत. आणि तरी या बाईला दोन रूम मीच घ्यायला लावल्या.

हॉटेलच्या रिझर्व्हेशन मॅनेजरला फोन लावला. ट्विन बेडची एक रूम पाहिजे म्हटलं. ट्विन बेड म्हणजे एका खोलीत दोन वेगळे पलंग.

"मॅडम, एकही है. ग्राउंड फ्लोर, पार्किंग साइड. लेक व्ह्यू नहीं मिलेगा. ये तो डाउनग्रेड है."

"करो."

"आज तक किसीने खुद माँगा नहीं, मॅडम."

"अब माँगा ना? करो."

मग प्रज्ञा. तिचा पहिला प्रश्न, "त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

"चूक माझी आहे. दोन रूम द्यायला नको होत्या. आता खालच्या एका रूममध्ये जा दोघी."

"पण त्यांना चालेल का माझ्यासोबत?"

"अगं, त्यांनाच विचार की. मला काय विचारतेस?" मी जरा चिडूनच म्हटलं. तिच्यावर कशाला चिडायचं, पण चिडले.

पुढचे दोन दिवस फोन नाही. आमच्यात ही चांगली बातमी असते.

आठवड्याने दोघी ऑफिसला आल्या. काउंटरची गोष्ट विमलबाईंनी त्याच संध्याकाळी आपणहून सांगून टाकलेली. प्रज्ञा आधी हसली आणि मग रडली, असं विमलबाईच म्हणाल्या. तळं दोघींनी एकदाच बघितलं. बाकी वेळ त्या पार्किंगकडच्या रूममध्ये पलंगावर बसून बोलत होत्या. अमोल लहानपणी कसा होता इथपासून सुरुवात.

"मग मोहन्याला कधी?" मी विचारलं.

"शनिवारी. ही पण येतेय. सोमवारी सकाळी हिच्या ऑफिसच्या वेळेआधी परत," विमलबाई म्हणाल्या. "आणि माझी गादी आता हिच्या खोलीत टाकलीय. अमोल आला की बघू."

त्या गेल्यावर मी माझा नियम मोडीत काढला. आता हॉटेलचं नाव काढायच्या आधी मी विचारते, घरी कोण कोणाच्या खोलीत झोपतं? लोक दचकतात, पण सांगतात. रूम किती, कुठल्या मजल्यावर, दार कोणाच्या दारासमोर, हे त्यावरून ठरवते. तक्रारी कमी झाल्यात.

एकच त्रास आहे. परवा एका सासूबाईंनी सगळं सांगून झाल्यावर उलट मलाच विचारलं, "आणि तुमच्याकडे, मॅडम?"

"माझं राहू द्या," मी म्हटलं, "तुम्हाला तळमजला देऊ की लिफ्ट चालेल?"