माहेरच्या नावाची नदी

जपानमध्ये मी एक नदी जास्तीची वाहवली. मुलीला दुसऱ्या दिवशी शाळेत जपानच्या सगळ्यात लांब नदीचं मॉडेल न्यायचं होतं, आणि इथे वाळवंटात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमधला भूगोलाचा जाणकार मीच. थर्माकोलवर डोंगराकडे मी चिकुमा फिकट निळी रंगवली, समुद्राकडे शिनानो गडद, आणि दोघींच्या मध्ये ऐटीत एक टेकडी उभी केली.

“बाबा, इट्स द सेम रिव्हर!” मुलगी रडकुंडीला आली. “एव्हरीवन विल लाफ ॲट मी.”

“टेकडी खलास!” म्हणत मी सुरी घेतली. खरवडता खरवडता मुकाट्याने तिचं पुस्तक वाचलं, आणि त्या नदीच्या प्रेमातच पडलो.

नागानोच्या डोंगरांत ती चिकुमा. शिनानो हे त्या डोंगराळ मुलखाचं जुनं नाव. पण नदीला ते मिळतं मुलूख सोडून खाली निइगातात उतरल्यावर. सासरी आलेल्या सुनेला ‘साताऱ्याची’ म्हणतात ना, अगदी तसं. बर्फाचं पाणी घेऊन ती यायची आणि सगळं मैदान बुडवायची. माणसं छातीभर चिखलात उभी राहून भात लावायची. शेवटी त्यांनी डोंगर फोडून तिच्या पुराला समुद्राची जवळची वाट करून दिली. आजोबांनी मागितलेला कालवा नातवंडांनी पाहिला. आज तिथला तांदूळ जपानभर नावाजलेला आहे. आमच्याकडे बारमाही वाहतं ते फक्त एसीचं पाणी, त्यामुळे मी हे इतकं रंगवून सांगितलं की मुलीने चक्क मोबाइल खाली ठेवला.

मैदानावर चिकटवायला बायकोने ताटात तांदूळ आणले.

“रिव्हरचं नेम कुठे लिहू?” मुलीने विचारलं.

मी बोटाने ताटातच लिहून दाखवलं: शिनानो.

बायको ताटाकडे बघत राहिली. आमच्या लग्नात मी असंच, अंगठीने, तांदळात तिचं नवं नाव लिहिलं होतं. सुचवलं माझ्या आईने, अक्षर तेवढं माझं.

दुसऱ्या दिवशी मुलगी रिकाम्या हातांनी घरी आली. कुणी हसलं नव्हतं. टीचरनी मॉडेल वर्गाच्या खिडकीत ठेवून घेतलं होतं. मी कॉलर ताठ करून बायकोकडे पाहिलं. ती उरलेले तांदूळ डब्यात ओतत होती.

“नदीचं बरंय हो,” ती म्हणाली. “नाव बदललं, तरी माहेरचंच मिळालं.”