तवंदीचा चढ आणि दाजींची मोटार

निपाणीपासून लोंढ्यापर्यंतच्या मुलुखात एका मोटारीच्या दुखण्यावर आमच्या दाजींइतका विचार केलेला माणूस दुसरा झाला नसेल, आणि इतका विचार करूनही ते दुखणे हाती न लागलेलाही दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. निपाणीत त्यांचे लुगड्यांचे दुकान होते. आमचे घर बेळगावला खासबागेत, विणकराचे; तिथे आप्पा, म्हणजे आमचे वडील, राहत. मला निपाणीच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी आक्काकडे राहायला गेलो, त्याच सुमारास दाजींनी बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती. बेळगावला माल आणायला जाताना ते मला बरोबर घेत. "चल रं मास्तर, आप्पांना भेटून येशील," असे म्हणत. पण मला नेत ते ढकलायला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

सपाटीला, सावकाश, ती मोटार बरी चालायची. वेग घ्यावा म्हणून पाय दाबला की मात्र गुदमरल्यासारखे आचके द्यायची, आणि तवंदीचा घाट लागला की निम्म्या चढावर बंदच पडायची. मग मी खाली उतरून चाकामागे दगड लावायचा आणि उन्हात उभे राहायचे. काही वेळाने ती कुरकुर न करता सुरू व्हायची, आणि वरच्या वळणावर पुन्हा बसायची. या मधल्या वेळात दाजी निदान करीत. बॉनेट उघडून, आक्काच्या स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी इंजिनाला टेकवायची, दुसरे टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. वाटेने जाणारे गाडीवान थांबून अदबीने पाहत राहत. बऱ्याच वेळाने दाजी डोळे उघडून म्हणत, "आज डावीकडनं आवाज हाय. मागच्या खेपेला उजवीकडं हुता." या माहितीचे पुढे काय करायचे ते त्यांना सुचत नसे, आणि मला विचारण्याचे त्राण नसे.

सल्ला ते कुणाचाही घेत. एका शिंप्याने सांगितले की धूर कोंडतोय, म्हणून त्यांनी सायलेन्सर काढून टाकला. त्या दिवशी संकेश्वरच्या बाजारातून आम्ही गेलो तेव्हा बैल उधळले, एक म्हातारी मिरच्यांच्या राशीत बसली आणि मोटार तरीही चढावर बंद पडली ती पडलीच. पेट्रोल बदलले, प्लग राखेने घासले, कार्ब्युरेटर उघडून पुसला. काकतीच्या एका शेतकऱ्याने ओझ्याचा दोष काढला, तेव्हापासून चढ आला की आधी मी उतरायचो, मग लुगड्यांची गाठोडी माझ्या डोक्यावर यायची, आणि मोटारीमागून मी घाट चढायचो. "तुझं वजन वाढलंय रं जरा," दाजी वरून सांगत. त्या दिवसांत मी इतका वाळलो होतो की शाळेत पोरे माझ्या तब्येतीची चौकशी करीत. मिस्त्रीकडे न्या म्हटले, तर म्हणत, "त्यो एकदा बघणार. मी तिला रोज बघतोय."

आणि मग एका सकाळी खासबागेतला शेजारी निरोप घेऊन आला. आप्पांना जास्त झाले होते. आक्काला बघायचे म्हणत होते. बेळगावकडची सर्व्हिस मोटार निघून गेली होती, दुसरी संध्याकाळची. दाजींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि मोटारीचे हँडल मारले. एरवी ते टाकीत काडी बुडवून पेट्रोल पाहिल्याशिवाय घर सोडत नसत; त्या दिवशी तेही राहिले.

तवंदीच्या चढावर मोटार बंद पडली. थांबलो, सुरू झाली, पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आक्का आपणहून उतरली आणि पदर खोचून माझ्या शेजारी ढकलायला लागली. तो चढ माणसांनी ढकलून सरणारा नव्हता. दाजींनी पळी काढली नाही. "पेट्रोल तरी हाय का बघतो," एवढेच म्हणाले. पेट्रोलची टाकी पुढच्या काचेला लागून होती. तिच्या झाकणाभोवती मेण लावलेली चिंधी घट्ट बांधलेली असे. मी ती पहिल्यापासून पाहत आलो होतो आणि ती मोटारीचाच भाग समजत होतो. दाजींनी चिंधी सोडून झाकण फिरवले, तशी सूं करून हवा आत ओढली गेली. कुणी मोठा श्वास घ्यावा तशी.

दाजी झाकण हातात धरून उभे राहिले. त्याच्या मधोमध एक बारीक भोक होते, हवेसाठी ठेवलेले, आणि ते मेणाने बुजले होते. आत हवा शिरायला वाट नाही, मग पेट्रोल खाली उतरणार कसे? थांबलो की कुठूनतरी थोडी हवा आत झिरपायची, तेवढ्यावर मोटार पुढे जायची.

"मीच गळा दाबून धरलाय तिचा," दाजी म्हणाले.

"पण बांधलं कशापायी?" आक्काने विचारले.

"पैल्यांदा बसलीस तवा वासानं तुला मळमळलं न्हवं का? म्हणून बांधलं."

आक्का त्यांच्याकडे पाहत राहिली. "कधी बोलला न्हाईसा," ती म्हणाली, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. "चला आता. वास येऊ द्या."

दाजींनी नखाने भोक मोकळे केले. मोटार घाट चढली, वंटमुरीचा चढही चढली. आक्का सगळी वाट नाकाला पदर लावून बसली होती, आणि दाजींनी एकदाही कान देऊन काही ऐकले नाही.

आप्पा शुद्धीवर होते. आक्काने त्यांचा हात धरला. त्यांनी तिला पाहिले, मला पाहिले, मग दाराशी अवघडून उभ्या असलेल्या जावयाकडे नजर गेली.

"पावणं, चढली का मोटार?"

"चढली की मामा," दाजी म्हणाले. "कुठं थांबली न्हाय."

"बरं झालं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. आक्काच्या लुगड्याचा काठ घाटातल्या मातीने लाल झाला होता. तो तिने पायाखाली दुमडून घेतला.

आप्पा त्या आठवड्यातच गेले. मोटार पुढे बरीच वर्षे होती आणि कुठलाही चढ चढायची. मी आता आत बसून जायचो, गाठोडीही आतच. पण दाजी चाक धरून गप्प असत. घाट यायचा, सरायचा, आणि त्यांना बोलायला काही उरलेले नसायचे. मलाच मग राहवत नसे. "दाजी, आवाज जरा येगळा येतोय न्हवं?" मी विचारी. ते क्षणभर मान कलती करून ऐकत.

"न्हाय रं," ते म्हणत. "बरी हाय ती."