पहिला पास देवापुढे

मी चौथी शिकलेली. इंग्रजी तेव्हाही वाचता येत नव्हतं, अजूनही येत नाही. पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत परदेशी क्रिकेट संघ मुंबईत खेळायला आले, तेव्हा वार्ताहरांना आणि कॅमेरावाल्यांना मैदानात सोडणारे पास माझ्या हातून तयार झाले. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेठचा छपाईचा गाळा होता. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, असली कामं. त्यात हे पासांचं आलं. छापलेल्या कार्डावर फोटो चिकटवायचा, कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गरम मशीनमधून काढायचं. फोटोमागे नंबर, कार्डावर तोच नंबर. नाव वाचायची गरजच नव्हती. लाल पट्टीवाला बसून लिहिणार, हिरव्या पट्टीवाला कॅमेरा घेऊन थेट सीमारेषेपर्यंत जाणार. हिरवा पास फक्त सामना दाखवायचे हक्क विकत घेतलेल्या कंपन्यांच्या माणसांना. बाकी कुणी कॅमेरा आणला तर दारावरूनच परत. काम देणाऱ्या साहेबांनी हे आम्हाला तीनदा समजावलं, जशा काही आम्ही म्हशी.

आम्ही म्हणजे मी आणि गोराईची एक ख्रिस्ती बाई. ती रोज होडीनं खाडी ओलांडून यायची. तयार पासाला भोक पाडून नाडी ओवायचं काम तिचं.

पहिल्याच सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब पास न्यायला आले. यादीवर खुणा करत बसले, तर एक हिरवा पास कमी. एका परदेशी कॅमेरावाल्याचा. उद्याचा सामना त्याच्या देशात त्याच्याच कॅमेऱ्यातून दिसणार होता. साहेब म्हणाले, बाहेर याला वाट्टेल ती किंमत येते, कुणीतरी विकलाय. शेवटचा हात नाडी ओवणारीचा, म्हणून शेठनी तिची पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा, छत्री, जपमाळ, सुक्या बोंबलांची पुडी. आता पोलीस बोलावतो म्हणाले. ती रडली नाही.

"बघा हवं तेवढं," ती म्हणाली. "पण उद्यापासून नाड्या तुम्हीच ओवा."

मी विचारलं, कितवा नंबर नाही?

"पहिलाच," साहेब म्हणाले.

कुठल्याही कामाची पहिली प्रत देवापुढे ठेवायची, ही आमच्या गाळ्याची पद्धत. मग ती पत्रिका असो की बिलबुक. कुंकवाचं बोट लावायचं आणि गणपतीच्या तसबिरीला टेकवायची. हे काम माझं. पत्रिका नेहमी चार जास्तच छापतात, एक गेली तर कोण विचारतो. इथे एका माणसाचा एकच पास होता. मी सवयीनं तो ठेवला होता आणि वर जास्वंदीचं फूल वाहिलं होतं.

गुपचूप काढून ढिगात सरकवता आला असता. पण मग साहेबांचा हिशेब जमला असता आणि तिच्यावरचा संशय तसाच राहिला असता. मी सगळ्यांसमोर फूल बाजूला केलं आणि पास टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "हिची पिशवी भरून द्या, शेठ."

शेठ पक्के शाकाहारी. दोन बोटांच्या चिमटीत बोंबलांची पुडी धरून त्यांनी ती पिशवीत घातली. साहेब रुमालानं कुंकू पुसत होते. ते गरम प्लॅस्टिकवर लावलेलं, निघेना. दुसरा फोटोही नव्हता. शेवटी तिनं त्याच पासाला नाडी ओवली आणि साहेब तो तसाच घेऊन गेले.

"तुझ्या देवाला मॅच बघायची होती काय गं?" ती जाताना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या टीव्हीवर मी सामना पाहिला. क्रिकेट मला कळत नाही. मी सीमारेषेजवळचे कॅमेरेवाले शोधत होते. त्यांतल्या एकाच्या छातीवर माझं कुंकू आहे म्हटलं, तर सगळे हसले. हसू देत.

पुढच्या सामन्यांचे पासही साहेबांनी आम्हाला दोघींनाच दिले. पहिली प्रत देवापुढे ठेवायचं मी सोडलं नाही. फक्त पासांच्या वेळी कोरं कार्ड ठेवू लागले. देवाला फोटो लागत नाही.