भरताचा निःपक्षपाती परीक्षक

दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा हा किस्सा माझ्याच तोंडून ऐका. फजिती माझी आहे, तेव्हा सांगायचा पहिला हक्कही माझाच.

आमचा खान्देशी जेवणाचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. जळगाव-धुळ्याची माणसं आणि नोकरीपायी लांब गेलेली आपली मंडळी. मालक असा कोणी नाही. सभासद दरवर्षी मतं देऊन अ‍ॅडमिन निवडतात, नियमही मतानेच ठरतात. त्या वर्षी धुळ्याचे नाना, मुक्ताईनगरच्या सुमनअक्का आणि जळगावचा मी, असे तिघे निवडून आलो होतो.

हिवाळ्यात ग्रुपवर वांग्याच्या भरताची स्पर्धा असते. लोक व्हिडिओ टाकतात, अ‍ॅडमिन निकाल देतात. पहिला आलेला व्हिडिओ वर्षभर ग्रुपच्या माथ्यावर राहतो, बस, एवढंच बक्षीस. पण त्याच्यासाठी माणसं किती हळवी होतात, विचारू नका. आदल्या वर्षी नानांचा पुतण्या पहिला आला. पुतण्याचं धुळ्यात मसाल्याचं दुकान, आणि निकाल देणाऱ्यांत नाना. कुजबुज झाली. मी म्हटलं, हे थांबवायचं.

मी नियम मांडला: ज्याच्या घरचं, नात्यातलं किंवा धंद्यातलं कोणी स्पर्धेत असेल, त्या अ‍ॅडमिनने तसं जाहीर सांगून बाजूला व्हायचं. सोबत नीतीवर एक लांबलचक लेखही टाकला. नियम मोठ्या बहुमताने मंजूर झाला. मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना.

व्हिडिओ यायला लागले तसे नानांनी कळवलं की पुतण्या यंदाही आहे, म्हणून ते बाजूला. अक्कांच्या विहीणबाईंनी व्हिडिओ टाकला, अक्काही बाजूला. आपल्याकडे नाती काय, कुठून कुठे निघतील सांगता येतं का? उरलो मी एकटा. मी लगेच जाहीर केलं की माझ्या घरचं कोणीही स्पर्धेत नाही. हे बायकोला विचारून घ्यावं, असं मला सुचलंसुद्धा नाही. मंगला त्या ग्रुपमध्ये आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी जेवताना मी 'साधी चव' नावाच्या कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला. चेहरा नाही, नुसते हात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी मुसळीने ठेचलेली, वर कांद्याची पात. मी तो परत परत पाहिला आणि त्यालाच पहिला नंबर देऊन तिथेच ग्रुपवर निकाल लिहिला: "हे हात खऱ्या सुगरणीचे आहेत. असं भरीत आता घरोघरी होत नाही. आमच्या घरी तर नाहीच."

संध्याकाळी अक्कांनी त्याच व्हिडिओतलं एक चित्र मोठं करून टाकलं. हातांच्या मागे एक पातेलं होतं. लग्नात मामांनी दिलेलं. त्यावर माझं नाव कोरलेलं, आडनावासकट.

खाली अक्कांनी विचारलं होतं, "प्रभाकरभाऊ, हे पातेलं कोणाचं?"

मग काय, ग्रुप पेटला. 'नियम करणाराच नियम मोडतो, घरातच बक्षीस नेतो!' माझा तो लेखही लोकांनी मलाच परत वाचायला पाठवला. नानांनी व्हिडिओ कॉलवर सभा बोलावली. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ओळखलं म्हणावं तर मी लबाड. ओळखलं नाही म्हणावं तर कसला नवरा? मी खरं तेच सांगितलं, की नाही ओळखलं. सगळ्यांना दिसलेलं पातेलं मलाच दिसलं नाही, यावर कोणाचा विश्वास बसेना.

नाना म्हणाले, "भाऊ, बठ्ठास्ले दिसनं, तुलेच कसं नही दिसनं?"

शेवटी त्यांनी मंगलाला बोलवायला सांगितलं. ती पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. दुसऱ्या नावाने का भाग घेतला, ते तिने शांतपणे सांगितलं. घरी कसं झालंय विचारलं की 'ठीक' एवढंच उत्तर मिळतं, म्हणून एकदा परकी होऊन खरं मत घ्यावं, असं तिला वाटलं.

मग ती म्हणाली, "पण नाना, यांनी पक्षपात केलेला नाही. तेच भरीत यांच्या ताटात होतं आणि व्हिडिओ हातात. मी समोर बसून वाढत होते. तरी यांना कळलं नाही."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून बसलो. इतकी वर्षं मी जेवत होतो की नुसतं पोट भरत होतो, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

नानांनी घसा साफ करून निर्णय दिला. पक्षपाताच्या आरोपातून मी पूर्ण निर्दोष. "पण," ते म्हणाले, "ज्याले सोताना ताटमातलं भरीत वळखता येत नही, त्याले परीक्षक कसा ठेवाना?"

मला पदावरून काढावं का, यावर लगेच मत घेतलं. काढावं म्हणणाऱ्यांनी हात वर करायचा होता.

पहिला हात माझ्या शेजारी वर झाला.