मोठ्या आवाजाचं मशीन

बालाघाटच्या दुकानात एक बाई व्हॅक्यूम क्लीनर चालू करायला लावून त्यासमोर मोबाइल धरत होती. फोनवर पलीकडे तिची सासू घरच्या कुत्र्यावर नजर ठेवून होती.

“पळाला काय, आई?”

“हौ. मी बी पळतो आता.”

बाईने ते मशीन बाजूला सारलं.

मीही असंच मशीन बघायला आलो होतो. माझ्या मुलीला दमा आहे. घरातले कुत्र्याचे केस कमी झाले नाहीत, तर आमच्या शेरूला कुणाला तरी देऊन टाकावं लागणार होतं. तिला हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्या अनोळखी बाईला मात्र सांगून बसलो.

“मंग हेच घ्या, भाऊ. आवाजाची कुत्र्याले सवय होते. दम्याची पोरीले नाही होत.”

घेतलं. घरी चालू करताच शेरू पलंगाखाली शिरला. त्याला धीर द्यायला मुलगीही मागोमाग सरपटत गेली, तिथल्या सगळ्या केसांत.