गुप्तहेराच्या तळघराचा नकाशा

मामाने अमेरिकेहून माझ्यासाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा मी नववीत होते आणि बाबा घरी बसले होते. सरकारी कारखान्यात पंचवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांचे नकाशे काढल्यावर त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली होती. त्यातल्या ‘स्वेच्छा’वर आई दर दोन दिवसांनी तोंडसुख घ्यायची.

गेम एका गुप्तहेराच्या इंग्रजी सिनेमांवरून काढलेला. सिनेमे आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. हिरवट पडद्यावर सूट घातलेला एक इवलासा माणूस खोल्याखोल्यांतून हिंडायचा आणि जो भेटेल तो त्याच्याशी इंग्रजीत बोलायचा. माझी शाळा मराठी, इंग्रजी बेताचं. म्हणून मी बाबांना शेजारी बसवलं. ते वाचून सांगायचे, “पहारेकरी म्हणतोय, चावी तळघरात आहे,” आणि मी तळघराकडे पळायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. “थांब. हे सगळं वरून दिसतंय. हा प्लॅनच आहे की!”

कपाटावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला. मग मी बटणं दाबायची आणि त्यांनी पावलं मोजायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती पावलं, दार कुठे, जिना किती रुंद. बिचारा गुप्तहेर जगाला वाचवायचं सोडून मलकपेठच्या आमच्या दोन खोल्यांत बसून भिंती मोजत होता. माझा खेळ पार बोंबलला, पण मी कुरकुर केली नाही. बाबा आंघोळ करून, दाढी करून बोर्डापुढे बसत होते. महिन्याभरात त्यांनी ट्रेसिंग पेपरवर चौदा नकाशे काढले. इतक्या नेटक्या रेघा मी आजवर दुसऱ्या कुणाच्या पाहिल्या नाहीत.

मग पेपरात जाहिरात आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीच्या एका खाजगी कंपनीला ड्राफ्ट्समन हवा होता. सोबत कामाचे नमुने आणावेत, असं लिहिलं होतं.

नमुने कुठून आणणार? कारखान्यातलं प्रत्येक ड्रॉइंग कारखान्याचं. गेटवर पिशव्या तपासायचे, एक चिटोरंही कधी घरी आलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या कामातलं दाखवायला बाबांकडे काही म्हणजे काही नव्हतं. होते ते हे चौदा कागद.

“गेमचे नकाशे नेणार?” मी म्हटलं.

“ड्रॉइंग ते ड्रॉइंग,” बाबा म्हणाले. “बघणारा रेघ बघेल.”

याआधी दोन मुलाखतींना निघून ते वाटेतूनच परतले होते. म्हणून आईने मला बरोबर धाडलं. “ते आत जाईस्तोवर हलू नको. नाहीतर मधूनच वापस येतील. ही गेली तर दुसरी कुठून येणार आहे आता?”

दोन बसेस बदलून आम्ही पोचलो. ऑफिस नवंकोरं होतं. खुर्च्यांवर पोरंसोरं, प्रत्येकापुढे कंप्यूटर. ड्रॉइंग बोर्ड एकही नव्हता. ते बाबांनीही पाहिलं असणार, पण ते मागे फिरले नाहीत. त्यांना आत बोलावलं, तेव्हा मीही त्यांच्यामागून जाऊन भिंतीशी उभी राहिले.

मुलाखत घेणारा पंचविशीतला असेल. त्याने पहिला कागद उलगडला आणि तो खरंच वाकून बघायला लागला. मी मनात म्हटलं, झालं, मिळाली नोकरी.

“अंकल, ये तो वो गेम का तहखाना है ना!”

बाबांनी रेघा इतक्या अचूक काढल्या होत्या की त्याने जागा ओळखली. त्याने आणखी दोघांना हाक मारली. तिघेही कागदावर ओणवे झाले. “मैं यहींच अटक गया था! चाबी किधर मिलती अंकल?”

बाबांनी बोट ठेवलं. “इधर. इस दीवार के पीछे. बारा कदम.” कारखान्यात साहेबांना ड्रॉइंग समजावून सांगताना ते असेच बोलत असतील.

पोरं खूष झाली. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच मला सहन होईना. मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त राग बाबांचा आला, चावी सांगितल्याबद्दल.

“हाथ से क्या बढ़िया बनाए अंकल,” तो म्हणाला. “मगर अब सब कंप्यूटर पेइच होता. आपकू आता?”

“नहीं.”

त्याने कागद एकावर एक नीट जुळवले. मग अगदी अदबीने म्हणाला, “ये मैं रख लूँ?”

“रख लो,” बाबा म्हणाले. चौदाच्या चौदा कागद तिथेच राहिले.

पुन्हा दोन बसेस बदलून आम्ही घरी परतलो. आई दारातच उभी होती. बाबा न थांबता मोरीत पाय धुवायला गेले, म्हणून तिने मला विचारलं.

“ड्रॉइंग फार आवडली त्यांना,” मी म्हटलं. “ठेवूनच घेतली.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आईचा चेहरा उजळला. “ठेवून घेतली म्हणजे बोलावणारच की!” बाबांनी मोरीतून माझ्याकडे पाहिलं आणि पायांवर आणखी एक तांब्या ओतला.

अर्जात खालच्या घरमालकांचा फोन नंबर दिला होता. आई रोज संध्याकाळी खाली जाऊन विचारायची, आमच्यासाठी फोन आला होता का. ती पायऱ्या उतरायला लागली की बाबा पेपर तोंडापुढे धरायचे. मी पुस्तक उघडायचे. पंधरा-वीस दिवस असे गेले. मग एके दिवशी ती वर आली, पदराने तोंड पुसलं आणि बाबांपुढे बसली.

“अहो, नंबर तर नीट लिहिला होता ना तुम्ही?”

“हो,” बाबा म्हणाले. “नीट लिहिला होता.”